औषध बदलण्याआधी सोनोग्राफीचे कागद वाचूया

पत्र : डॉक्टर, माझं वय ३१. पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकांशी जोडलेला विकार) आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. दीड वर्ष झालं, बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. क्लोमिफीनच्या गोळ्यांचे तीन महिने झाले. पहिल्या महिन्यात अंडं वाढलंच नाही. डोस वाढवल्यावर पुढचे दोन्ही महिने अंडं फुटलं, पण दिवस काही राहिले नाहीत. आता डॉक्टर लेट्रोझोल देणार म्हणतात. इंटरनेटवर बघितलं तर ते स्तनाच्या कर्करोगाचं औषध निघालं! जाऊबाईंनी इंजेक्शनं घेतली होती, त्यांना लगेच जुळं राहिलं. त्या म्हणतात, गोळ्यांत वेळ घालवू नकोस. दुसऱ्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून अंडाशयाचं ड्रिलिंग (त्याला छिद्रं पाडणं) करून टाका असं सांगितलं. मेटफॉर्मिन चालू आहे, पण मला मधुमेह नाही, मग ते कशाला? वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. या सगळ्यातलं नेमकं काय घ्यावं? सोनोग्राफीचे आणि रक्ततपासणीचे कागद जोडले आहेत.

उत्तर :

कागद जोडलेत हे फार बरं केलंत. नाहीतर ‘गोळी चांगली की इंजेक्शन’ या प्रश्नाला मोघम उत्तर देण्यापलीकडे मला काही करता आलं नसतं. या औषधांत सगळ्यांसाठी एकच सर्वोत्तम असं काही नसतं. तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात यावर पुढचं औषध ठरतं, आणि ते तुमच्या कागदांवर जवळपास लिहिलेलंच आहे.

दुसऱ्या महिन्याचा कागद बघा. डोस १०० मिलिग्रॅम. बाराव्या दिवशी उजव्या अंडाशयात १५ मिमीचं फॉलिकल (अंडं जिच्यात वाढतं ती पाण्याची पिशवी), चौदाव्या दिवशी १९ मिमी, सोळाव्या दिवशी फुटलेलं. तिसऱ्या महिन्यातही साधारण तसंच, फक्त डाव्या बाजूला. म्हणजे ५० मिलिग्रॅमला तुमच्या अंडाशयाने दाद दिली नाही, १०० ला दिली. आता शेजारचा रकाना वाचा, जो सहसा कुणी वाचत नाही. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, अंडं फुटायच्या सुमारास, एकदा साडेपाच मिमी आणि एकदा पाच. हे पातळ आहे. एवढ्या एका आकड्यावरून गर्भ रुजलाच नसता असं म्हणता येत नाही, तेव्हा घाबरू नका. पण औषध बदलण्याचा तुमच्या डॉक्टरांचा विचार बहुधा इथूनच आला असावा, आणि मला तो पटतो.

त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे कर्करोगाच्या औषधाची भीतीही निम्मी होईल. पीसीओएसमध्ये अंडाशयात लहान लहान फॉलिकल भरपूर असतात, पण त्यातलं एक पुढे जाऊन पिकत नाही. त्याला पुढे ढकलायला मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एफएसएच हे संप्रेरक थोडं जास्त मिळावं लागतं. क्लोमिफीन हे काम मेंदूची फसगत करून करतं. इस्ट्रोजेन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा ते अडवून बसतं. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी झालंय, आणि तो एफएसएच वाढवतो. पण त्या जागा फक्त मेंदूतच नसतात. गर्भाशयाच्या अस्तरात आणि स्राव तयार करणाऱ्या गर्भाशयाच्या मुखातही असतात, आणि क्लोमिफीनचा काही अंश शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो. त्यामुळे अंडं पिकतं खरं, पण काही जणींमध्ये अस्तराला जाड व्हायचा निरोपच नीट पोचत नाही.

लेट्रोझोल इस्ट्रोजेनच्या जागा अडवत नाही. इस्ट्रोजेन तयार करणारं अरोमाटेज नावाचं विकर ते काही दिवस दाबून ठेवतं. इस्ट्रोजेन खरोखरच थोडं घटतं, म्हणून एफएसएच वाढतं. गोळ्या थांबल्या की साधारण दर दोन दिवसांनी औषधाचं प्रमाण निम्मं होत जातं. मग वाढणारं फॉलिकल स्वतः इस्ट्रोजेन बनवू लागतं, मेंदूला ते लगेच कळतं, एफएसएच खाली येतं आणि मागे राहिलेली फॉलिकल तिथेच विरून जातात. बहुतेक वेळा एकच अंडं पुढे जातं. अस्तरालाही इस्ट्रोजेन मिळायला आडकाठी राहत नाही.

हे झालं कागदावरचं तर्कशास्त्र. प्रत्यक्षात बाळं किती जन्मली, हे महत्त्वाचं. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना क्लोमिफीन, निम्म्यांना लेट्रोझोल, जास्तीत जास्त पाच महिने. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के जणींना. जुळ्यांचं प्रमाण लेट्रोझोलमध्ये ३.४ टक्के आणि क्लोमिफीनमध्ये ७.४ टक्के होतं, पण जुळी मुळातच थोडी असल्याने त्या फरकावर फार विसंबता येत नाही. वजन जास्त असलेल्यांमध्ये लेट्रोझोलचा फायदा अधिक ठळक दिसला. तुमचा बॉडी मास इंडेक्स तीसच्या आसपास येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही पहिलं औषध म्हणून लेट्रोझोललाच पसंती दिली आहे.

आता कर्करोगाचं. हो, लेट्रोझोल मुळात पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी आलं. त्यातल्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात, म्हणून ते कमी करणारं औषध त्यांना रोज, वर्षानुवर्षं देतात. तुम्हाला ते महिन्यातले पाच दिवस घ्यायचं आहे. डबीतल्या पत्रकात वंध्यत्वाचा उल्लेख सहसा नसतो, कारण या वापरासाठी औषध कंपनीने अनेक ठिकाणी परवानगीच घेतलेली नाही. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला हे आधी समजावून सांगायला हवं, आणि ‘पत्रकात असं का नाही’ हे विचारायला तुम्ही संकोचू नका.

इंटरनेटवर जन्मदोषांबद्दल जे वाचायला मिळतं, त्याचा उगम २००५ चा आहे. कॅनडातल्या एका छोट्या पाहणीत लेट्रोझोलनंतर झालेल्या सुमारे दीडशे बाळांची तुलना साध्या, कमी जोखमीच्या बाळंतपणांशी केली गेली. उपचार घेणाऱ्या स्त्रिया आणि विनासायास दिवस राहिलेल्या स्त्रिया या एका मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. पुढच्याच वर्षी कॅनडातूनच ९११ बाळांचा अभ्यास आला. त्यात क्लोमिफीन आणि लेट्रोझोल या दोन्ही औषधांनंतर झालेली बाळं तपासली होती, आणि लेट्रोझोलमुळे दोष वाढल्याचं दिसलं नाही. मात्र हे औषध गर्भारपणात पोटात जाता कामा नये. पाळी अनियमित असणाऱ्या बाईला ‘दिवस राहिले असतील का’ हे कळतच नाही, म्हणून दर महिन्याची पहिली गोळी घेण्याआधी लघवीची गर्भचाचणी. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नका.

तुम्हाला ‘क्लोमिफीन फसलं’ असं कुणी म्हणालं असेल तर ते मला मान्य नाही. काहीही अडचण नसलेल्या जोडप्यालाही एखाद्या महिन्यात दिवस राहायची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. तुमचं अंडं आतापर्यंत फक्त दोन महिने फुटलं आहे. दोन महिन्यांत निकाल लागत नसतो. अंडंच न फुटणं आणि अंडं फुटूनही दिवस न राहणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीवर डोस किंवा औषध बदलतात. दुसरीत बाकीच्या गोष्टी तपासायच्या असतात.

त्या बाकीच्या गोष्टींवरून एक सरळ प्रश्न. तुमच्या यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे? तुम्ही पाठवलेल्या कागदांत तुमची सोनोग्राफी आहे, तुमचं रक्त आहे, तुमचं वजन आहे. वीर्यतपासणी नाही. असे कागद माझ्याकडे इतके येतात की आता आश्चर्यही वाटत नाही, चीड मात्र येते. बाईला पीसीओएस असं लेबल एकदा लागलं की सगळ्यांचं लक्ष तिच्या अंडाशयावर खिळतं. मघाशी सांगितलेल्या ७५० जणींच्या अभ्यासात आत घेतानाच नवऱ्याच्या वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या बघितली होती, आणि बाईची किमान एक गर्भनलिका मोकळी आहे याची खात्री केली होती. म्हणजे ते २७.५ टक्के या दोन गोष्टी ठीक असलेल्या जोडप्यांचे आहेत. तुम्हाला ते लागू होतात की नाही, आज कुणालाच माहीत नाही. पुढची गोळी घेण्याआधी वीर्यतपासणी करून घ्या. ती सोपी आहे, त्यात सुई नाही, भूल नाही. नलिकांची एक्स-रे तपासणीही आता करावी असं मला वाटतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची रक्ततपासणी झालेली दिसतेय, ठीक आहे.

मेटफॉर्मिन बंद करायची घाई नको. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन असूनही त्याचा परिणाम नीट होत नाही. मग शरीर ते जास्त बनवतं, आणि जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. मेटफॉर्मिन त्या साखळीवर काम करतं. त्यासाठी मधुमेह असावाच लागतो असं नाही. पण एकट्या मेटफॉर्मिनच्या भरवशावर बसू नये. २००७ मध्ये ६२६ स्त्रियांच्या अभ्यासात नुसतं मेटफॉर्मिन घेतलेल्यांपैकी ७.२ टक्के जणींना बाळ झालं, नुसतं क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी २२.५ टक्के, आणि दोन्ही घेतलेल्यांपैकी २६.८ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. तेव्हा जोडीला असू द्या. जेवणासोबत घ्या, नाहीतर पोट बिघडतं. मधुमेह नाही म्हणता, पण तो कोणत्या तपासणीवरून? उपाशीपोटीच्या साखरेत सगळं कळत नाही. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या पीसीओएसच्या स्त्रीने ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी एकदा करावी.

इनोसिटॉल या पूरक पदार्थाची पाकिटं तुम्ही विचारली नाहीत, पण कुणीतरी देईलच. त्याने बाळ होण्याची शक्यता वाढते असा भक्कम पुरावा नाही. त्याच्यासाठी लेट्रोझोल लांबवू नका.

आता जाऊबाईंचं. त्यांना जुळं झालं, दोन्ही बाळं सुखरूप असतील तर आनंदच आहे. पण डॉक्टरच्या नजरेतून जुळं हा त्या उपचाराचा पराक्रम नसून जोखीम आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, वाढलेला रक्तदाब, गर्भारपणातला मधुमेह, हे सगळं जुळ्यांत वाढतं, आणि पीसीओएसमध्ये ते एकट्या बाळाच्या वेळीही थोडं जास्तच असतं. इंजेक्शनांत एफएसएच बाहेरून थेट देतात, मेंदूचा लगाम त्यावर चालत नाही. पीसीओएसच्या अंडाशयात डझनावारी फॉलिकल एकाच उंबरठ्यावर ताटकळलेली असतात, शाळा सुटायच्या घंटेआधी फाटकाशी पोरं उभी असतात तशी. फाटक जरा जास्त उघडलं की सगळी एकदम बाहेर. म्हणून जाणकार डॉक्टर ३७.५ ते ७५ युनिट अशा लहान डोसने सुरुवात करतात, आठवडा-दोन आठवडे डोस न वाढवता वाट बघतात, मग थोडा थोडा वाढवतात. दोनपेक्षा जास्त फॉलिकल पिकली तर तो महिना सोडून द्यायचा असतो. म्हणजे इतक्या दिवसांची इंजेक्शनं, सोनोग्राफीच्या फेऱ्या आणि शेवटी ‘या महिन्यात संबंध टाळा’ असं ऐकायची तयारी हवी. जे डॉक्टर महिना रद्द करायला कचरत नाहीत, त्यांच्याकडेच हा उपचार घ्यावा.

इंजेक्शनांचा दुसरा धोका म्हणजे अंडाशय अतिउत्तेजित होणं. पोट तट्ट फुगणं, दोन दिवसांत वजन भराभर वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गोळ्यांत हे क्वचित होतं.

इंजेक्शनं वाईट नाहीत. लेट्रोझोलला अंडाशय दाद देत नसेल, किंवा अंडं फुटत राहूनही बरेच महिने यश नसेल, तर ती पुढची पायरी आहे. त्याच पायरीवर शेजारी ड्रिलिंग उभं आहे. त्याचा इतिहास जुना आहे. १९३५ मध्ये स्टीन आणि लेव्हेन्थल या शिकागोच्या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा उपचार म्हणून अंडाशयाचा त्रिकोणी तुकडाच कापून काढत. पाळ्या सुरू व्हायच्या, पण आतल्या आत चिकटे तयार होऊन (म्हणजे अवयव एकमेकांना चिकटून) नलिकांचं नुकसान व्हायचं. गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या गिओनेस यांनी दुर्बिणीतून अंडाशयाला विजेचे सूक्ष्म चटके देण्याची पद्धत मांडली, आणि आजचं ड्रिलिंग त्यातून आलं. हल्ली साधारण प्रत्येक अंडाशयात चारच छिद्रं पाडतात. यश इंजेक्शनांच्या तोडीचं मिळतं, अंडं बहुधा एकच पिकतं, त्यामुळे जुळ्यांची भीती कमी. पण भूल आहे, थोडेफार चिकटे होऊ शकतात, आणि हात सैल सुटला तर अंड्यांचा साठा घटतो. घटलेला साठा परत येत नाही.

तुम्हाला ड्रिलिंग सुचवलं, ते मला समजलं नाही. ते अंडं न फुटणाऱ्या बाईसाठी असतं. तुमचं अंडं १०० मिलिग्रॅमच्या गोळीने फुटतंय, आणि लेट्रोझोल तर तुम्ही अजून घेतलेलंही नाही. दुसऱ्या काही कारणाने दुर्बीण घालायचीच असती तर गोष्ट वेगळी. त्या डॉक्टरांना एकदा नम्रपणे विचारा, ‘माझं अंडं फुटतंय, मग ड्रिलिंगने नेमकं काय बदलेल?’ उत्तर पटलं नाही तर सही करू नका.

टेस्ट ट्यूब बेबीबद्दल आज बोलण्याचं कारण नाही. अपवाद एकच. यजमानांचा रिपोर्ट फार बिघडलेला निघाला किंवा दोन्ही नलिका बंद निघाल्या, तर मधल्या पायऱ्या चढण्यात अर्थ नसतो, थेट तिकडेच जावं लागतं. तसं झालं तर गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात ठेवायचा पर्याय आहे का, हे जरूर विचारा. पीसीओएसमध्ये ताज्या गर्भापेक्षा त्यात अंडाशय अतिउत्तेजित होण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं आहे.

वजनाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही आतापर्यंत शंभर जणांकडून ऐकलं असेल. पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन-चार किलो, एवढ्यानेही काही जणींची पाळी सुधारते आणि औषधाला अंडाशय जास्त चांगली साथ देतं. पण ‘आधी दहा किलो उतरवा, मग बघू’ असं सांगून तुमचा उपचार कुणी अडवत असेल तर ते चुकीचं आहे. दोन्ही एकत्र चालू द्या. आणि फोलिक ॲसिड आजच सुरू करा. रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम लागतं, तुमच्या वजनाला जास्त हवं का, ते डॉक्टरांना विचारा.

तर रिपोर्ट ठीक आले की लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतल्या कोणत्याही दिवशी सुरू करून पाच दिवस घ्यायचं. २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, अंडं वाढलं नाही तर ५, मग ७.५ पर्यंत जातात. एखाद्या महिन्यात काहीच वाढलं नाही तर पुढच्या डोससाठी पाळी येण्याची महिना-दीड महिना वाट बघायलाच हवी असं नाही. सोनोग्राफी बघून डॉक्टर तिथेच पुढचा डोस देऊ शकतात, त्यांना विचारून बघा. थकवा किंवा हलकी चक्कर येऊ शकते. अंडं फुटलेले सहा महिने मिळेपर्यंत तरी मी डगमगणार नाही. ३१ व्या वर्षी तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांवर विसंबू नका. त्या अंडं फुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक मोजतात, आणि पीसीओएसमध्ये ते एरवीच वाढलेलं असतं, म्हणून पट्टी उगाचच होकार देत राहते. ‘एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन’ (अंडं फुटलं का, ते सांगणारी रक्ततपासणी) हेही २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमची तपासणी अंडं फुटल्यानंतर सुमारे सात दिवसांनी व्हायला हवी, मग तो पाळीचा कितवाही दिवस असो. संबंधांसाठी घड्याळ लावून बसू नका. गोळ्या संपल्यानंतर चार-पाच दिवसांपासून अंडं फुटेपर्यंत दर एक-दोन दिवसांआड पुरेसं असतं. अंडं फोडायचं ट्रिगर इंजेक्शन प्रत्येक महिन्यात लागतंच असं नाही, तुमचं अंडं तर आपलं आपण फुटतंय.

ट्रिगर घेतलंच, तर एक लक्षात ठेवा. त्यात गर्भचाचणीत मोजलं जाणारं एचसीजीच असतं. ते अंगातून जायला दहा-बारा दिवस लागतात, आणि तोपर्यंत लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तरी त्या बाळाच्या असतीलच असं नाही. अंडं फुटल्यापासून पंधरा-सोळा दिवस जाऊ द्या, मग सकाळची पहिली लघवी तपासा. नाही आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. लेट्रोझोलची पुढची पट्टी तोपर्यंत उघडू नका.